नेवाशाचा काळा पाषाण आणि भुईंतलें पाणी

नेवासें म्हटलें कीं मराठी माणसाला प्रथम आठवतो तो एक दगडी खांब. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानदेवांनीं याच खांबाला टेकून गीतेवरील आपली टीका सांगितली अशी परंपरा आहे. खांबाचें दर्शन घेण्यास येणारे यात्रेकरू पुष्कळ. पण तेथून प्रवरेच्या पात्राकडे वळून तिच्या उंच दरडींकडे लक्ष देणारे फार थोडे. या दरडींत पायथ्याशीं काळा पाषाण आहे. त्यावर चुन्यानें एकजीव झालेल्या गोट्यांचा थर, त्यावर पिवळसर गाळ, मग पुन्हां बारीक खडी, नंतर तपकिरी माती, आणि अगदीं वर शेतकऱ्याच्या ओळखीची काळी जमीन. या थरांत काय सांपडतें आणि काय सांपडत नाहीं हें ठरविण्यासाठीं सरकारी पाहणीचीं माणसें या मुलखांत जवळजवळ दोनशें वर्षें येत आहेत. तीं काय शोधावयास आलीं, त्यांच्या हातीं काय लागलें, आणि त्यांतलें किती येथल्या विहिरीच्या कांठापर्यंत पोंचलें, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पेशवाई जाऊन थोडींच वर्षें झालीं होतीं. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं १८२४ सालीं विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे दख्खनच्या मोजदादीचें काम सोंपविलें. सायक्स यांनीं पुणें, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे प्रांत पायांखालीं घातले. लोकसंख्या, बाजारभाव, पक्षी, मासे, पाऊसपाणी, सगळें त्यांनीं लिहून ठेविलें आणि दगडालाहि सोडलें नाहीं. लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाच्या ग्रंथमालेंत १८३६ सालीं त्यांचा दख्खनवरील निबंध छापून निघाला. जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसणारे डोंगर, मैलोगणती आडवे पसरलेले काळ्या दगडाचे थर, आणि ओढ्याओघळींत जागोजाग आढळणारी चुनखडी यांचें शास्त्रीय वर्णन या प्रदेशापुरतें येथूनच सुरू होतें.

हिंदुस्थान सरकारच्या भूगर्भ-पाहणी खात्याचा जन्म मात्र कुतूहलापोटीं झाला नाहीं. तो कोळशापोटीं झाला. आगबोटी सुरू झाल्या होत्या, आगगाड्या येऊं घातल्या होत्या, आणि दोघींनाहि कोळसा हवा होता. १८५१ सालीं टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यास उतरले आणि या खात्याची घडी बसली. कोळशाच्या आणि धातूंच्या वाटेनें चालणाऱ्या या खात्यास दख्खनच्या पठाराचें अगत्य कमी असावें यांत नवल नाहीं. विल्यम ब्लॅनफर्ड यांनीं १८६७ सालीं पश्चिम व मध्य हिंदुस्थानांतील या पाषाणावर विस्तृत ग्रंथ लिहिला. पण त्यांतून सरकारी खजिन्यांत भर पडण्यासारखें कांहीं निघालें नाहीं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त शिलारस पुनःपुन्हां वाहिला, थरावर थर थिजत गेले, आणि आज जवळजवळ ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनीं झांकला आहे. खालीं कांहीं असलेंच, तर तें या झांकणाखालीं.

तें झांकण उचकटून पाहण्याचा यत्नहि झाला. भुसावळ येथें कोळशासाठीं खोल छिद्र घेण्यांत आलें. तें १२१७ फूट खालीं गेलें तरी पाषाण संपेना. फर्मर नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें त्या छिद्रांतून निघालेले दगड तपासून १९२५ सालीं सांगितलें कीं, एवढ्या खोलींत शिलारसाचे २९ निरनिराळे थर आहेत. कोळसा नाहींच. लातूर जिल्ह्यांत किल्लारीस १९९३ सालीं भूकंप झाला. त्यानंतर तेथें घेतलेल्या छिद्रांत पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. कोयनेच्या भागांत ती नऊशें मीटरांहून अधिक निघाली. दोन्ही ठिकाणीं तळाशीं फार प्राचीन कठीण खडक लागला.

तेव्हां नेवासें तालुक्याची खनिजसंपत्ति म्हणून जी सांगावयाची ती गरिबाच्या घरांतल्या भांड्यांसारखी आहे: बांधकामाचा काळा दगड, मुरूम, नदीची वाळू आणि चुनखडी. कायद्याच्या भाषेंत हीं 'गौण खनिजें' होत. १९५७ च्या कायद्याप्रमाणें त्यांचा कारभार राज्य सरकारकडे आहे. 'गौण' हा शब्द मात्र फसवा आहे. काळ्या दगडांतून व मातींतून पावसाचें पाणी चुना विरघळवून नेतें, कोरड्या दिवसांत तो खालच्या थरांत साकळतो आणि त्याचे खडे बनतात. तीच ही चुनखडी. सिमेंट येण्यापूर्वीं वाडे, घाट आणि पूल या चुन्यावर उभे राहिले. वाळूचें तर त्याहून अधिक. पात्रांतली वाळू म्हणजे नदीचा भुईंतला हौदच असतो. वरचा प्रवाह आटला तरी वाळूच्या पोटांतलें पाणी कांठच्या विहिरींस आधार देतें. ती वाळू उपसून गाड्या भरल्या गेल्या कीं प्रथम कांठच्या विहिरी खालावतात. वाळूची किंमत पावतीवर लिहिली जाते; विहिरीची कोठेंच लिहिली जात नाहीं.

एक खनिज मात्र या पाषाणानें अगदीं जगाच्या बाजारांत पाठविलें आहे. शिलारस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढें त्यांत झिरपलेल्या पाण्यानें पांढरे, गुलाबी, हिरवे स्फटिक घडविले. शेजारच्या राहुरी तालुक्यांत मोमीन आखाडा येथें २००१ च्या सुमारास विहिरीच्या खोदाईंत ॲपोफिलाइट नांवाचे हिरवे स्फटिक निघाले आणि ते देशोदेशींच्या संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसले. पाणी शोधणाऱ्या माणसानें रत्नासारखा दगड काढावा ही गंमत खरी. परंतु ज्या पोकळ्या स्फटिकांनीं बुजल्या त्यांत पाणी राहात नाहीं, हें त्या विहिरीच्या मालकाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें.

खनिजांच्या शोधांत या खात्याच्या हातीं जें खरोखर अमोल असें लागलें तें खनिज नव्हतेंच. नेवाशाच्या पूर्वेस, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, पैठणच्या समोरच्या अंगास मुंगी नांवाचें गांव आहे. १८६५ च्या सुमारास वाइन या भूगर्भ-खात्यांतील अधिकाऱ्यास तेथील नदीच्या जुन्या खडींत, जींत नामशेष प्राण्यांचीं हाडें सांपडतात त्याच थरांत, अकीक दगडाचा एक छिलका आढळला. तो आपोआप फुटलेला नव्हता, माणसानें फोडून घडविलेला होता. ओल्डहॅम यांनीं १८६८ सालीं, खात्याच्या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षीं, त्यावर टिपण प्रसिद्ध केलें. ब्रूस फूट यांस मद्रासजवळ पल्लावरम येथें आदिमानवाचें दगडी हत्यार मिळालें तें १८६३ सालीं. म्हणजे या देशांत अशा शोधांचा नुकता आरंभ होत होता. एकच छिलका, पण हत्तीबैलांच्या हाडांबरोबर या खोऱ्यांत माणूस वावरत होता याची ती साक्ष होती.

या साक्षीचें पूर्ण मोल कळावयास मध्यें नव्वद वर्षें जावीं लागलीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील डॉ. हसमुख सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत नेवाशास उत्खनन केलें. टेकाडावर त्यांना ताम्रपाषाणयुगांतील शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. नदीच्या खडींत त्याहूनहि कितीतरी जुनीं, मध्य अश्मयुगांतील हत्यारें मिळालीं. त्या प्रकारच्या हत्यारांना शास्त्रांत नेवाशाचेंच नांव पडलें. पुढें १९६६ पासून गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन संशोधक बाईंनीं जवळच्या चिरकी नाल्यापाशीं खोदून हातकुऱ्हाडीच्या युगांतील वस्तीची जागा उजेडांत आणिली. लक्षावधि वर्षांपूर्वींचीं हीं माणसें येथें कां राहिलीं, याचें उत्तर त्याच दरडींत आहे. हत्यारांस दगड हातापाशीं होता आणि पाणी पायापाशीं होतें.

आतां पाण्याकडे. प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते. तेथें वर्षाला दोनशें इंचांच्या घरांत पाऊस कोसळतो. तीच नदी नेवाशापर्यंत येते तेव्हां आभाळ वीसबावीस इंचांवर येऊन थांबलेलें असतें. पुढें टोकें-प्रवरासंगमास ती गोदावरीस मिळते. १९७६ सालीं पैठणचें जायकवाडी धरण राष्ट्रास अर्पण झालें. त्याच्या जलाशयाचा फुगवटा या संगमापर्यंत येतो. म्हणजे तालुक्याच्या एका कडेस अथांग पाणी आणि दुसऱ्या कडेस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारीं गांवें, असा देखावा एकाच नकाशांत दिसतो.

काळ्या पाषाणांत पाणी कोठें असतें? ज्यांनीं खोदली जाणारी विहीर कांठावरून पाहिली असेल त्या श्रोत्यांना हें सहज पटेल. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक. येथपर्यंत पहारीनें काम होतें आणि पाझरहि येथेंच लागतात. त्याखालीं अखंड कातळ लागला कीं सुरुंग लावावा लागतो आणि पाणी थांबतें. पण शिलारसाचे थर पुष्कळ असल्यामुळें कातळाखालीं पुन्हां दुसऱ्या थराचा सच्छिद्र माथा येतो. दोहोंमध्यें कधीं कधीं भाजक्या विटेसारखा तांबड्या मातीचा पट्टा असतो. तेथें पुन्हां पाणी मिळण्याचा संभव असतो. संभवच, खात्री नाहीं. एका बांधाच्या अलीकडे सहा परसांवर भरपूर पाणी आणि पलीकडे बारा परसांवर ठणठणाट, हा अनुभव या मुलखांत घरोघरचा आहे. नदीकांठच्या गाळाच्या पट्ट्यांत स्थिति थोडी निराळी. तेथें वाळूखडीच्या थरांत पाणी चांगलें मिळतें, पण कांहीं जागीं तें मचूळ निघतें.

या अनिश्चिततेवरच पाणाड्याचा धंदा उभा आहे. उंबराची दुबेळक्याची फांदी, तळहातावर आडवा धरलेला नारळ, आणि 'येथें खणा' हें छातीठोक वाक्य. सुशिक्षितांनीं त्यास हंसावें हें ठीक; पण १९२५ च्या सुमारास खुद्द मुंबई सरकारनेंच मेजर पॉगसन नांवाच्या गृहस्थांस आपले अधिकृत पाणाडे म्हणून नेमलें होतें, आणि त्यांनीं कांहीं वर्षें प्रांतभर हिंडून विहिरींच्या जागा दाखविल्या, हेंहि ध्यानांत ठेवावें. पाणाड्याचा अंदाज पुष्कळदां खरा ठरतो याचें कारण गूढ नाहीं. पावसाळ्यानंतर या जमिनींत तीसचाळीस फुटांवर थोडेंफार पाणी बहुतेक ठिकाणीं लागतेंच. पाणी लागेल कीं नाहीं हा प्रश्न सोपा आहे. तें चैत्रांत उरेल कीं नाहीं हा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचें उत्तर फांदी देत नाहीं.

सरकारनें भुईंतल्या पाण्याकडे लक्ष पुरविलें तें बरेंच उशिरां. आधीं लक्ष गेलें तें धरणांकडे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं नगर जिल्हा होरपळला. त्यानंतर नेमलेल्या पाटबंधारे कमिशननें १९०३ सालीं आपला अहवाल दिला. १९१० सालीं प्रवरेवर भंडारदऱ्याचें काम सुरू झालें आणि १९२६ सालीं तें दगडी धरण पुरें झालें. ओझरपासून दोन्ही तीरांनीं कालवे निघाले. पाणी आलें, ऊंस आला, पैसा आला. आणि थोड्याच वर्षांत एक नवें संकट भुईंतून वर आलें. काळ्या जमिनींत मुरलेलें पाणी खालचा कातळ पुढें जाऊं देईना. विहिरी कांठोकांठ भरल्या. मग शेतांत ओल धरली, मातींतलें मीठ पृष्ठावर फुटलें आणि उत्तम जमिनी चोपण झाल्या. आधीं पाण्यावांचून मरणारें पीक आतां पाण्यानें मरूं लागलें. कालव्यांखालच्या अशाच प्रश्नांसाठीं मुंबई सरकारनें १९१६ सालीं एक खास पाटबंधारे-विभाग काढला होता. पुढें खडकवासल्यास जी मोठी जलसंशोधन-संस्था झाली तिचें हें मूळ. १९३८ सालीं बसू आणि शिरूर या दोन मृदाशास्त्रज्ञांनीं नीरेचा उजवा कालवा आणि प्रवरेचे कालवे यांखालच्या जमिनींची पाहणी करून त्यांचे वर्ग पाडले. कोणती जमीन किती पाणी सोसते याचा हिशोब त्यांत होता. तो आधीं झाला असता आणि कालवा मागून निघाला असता तर कित्येक एकर वांचले असते, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

नेवासें तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर कालव्याचें पाणी खेळलें तें राहुरीजवळच्या मुळा धरणामुळें. त्याचा उजवा कालवा राहुरीहून नेवासें, शेवगांव, पाथर्डीकडे जातो. सोनई आणि भेंडें येथें सहकारी साखर-कारखाने उभे राहिले. मात्र १९७२ चा दुष्काळ याच सुमारास आला, आणि महाराष्ट्रांतल्या हजारों गांवांत पिण्याच्या पाण्याची विहीर कोरडी पडणें म्हणजे काय हें सरकारला स्वच्छ दिसलें. केंद्रीय भूजल मंडळ १९७० सालीं स्थापन झालें होतें. १९७२ सालीं भूगर्भ-खात्याचा पाण्यासंबंधींचा विभागहि त्यांत विलीन झाला. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा उभी राहिली. हवेच्या दाबानें चालणारीं यंत्रें कातळांत तासांच्या हिशोबानें विंधण विहिरी पाडूं लागलीं. जालना आणि सोलापूर येथें घडविलेल्या मजबूत हातपंपांवरून पुढें देशभर पसरलेला पंप तयार झाला. खेड्यांत त्याला 'हापसा' म्हणतात. पाणी भरणाऱ्या बायकांच्या डोक्यावरचें ओझें त्यानें हलकें केलें, यांत वाद नाहीं.

या नव्या यंत्रणेनें केलेलें काम दिखाऊ नाहीं, पण मोलाचें आहे. राज्याचे सुमारें दीड हजार पाणलोट पाडण्यांत आले. प्रत्येकांत कांहीं विहिरी निरीक्षणासाठीं मुक्रर झाल्या. वर्षांतून चार वेळां त्यांतल्या पाण्याची पातळी मोजतात. पावसाळ्यापूर्वींची आणि पावसाळ्यानंतरची पातळी ताडून पाहिली कीं भुईंत किती जमा झालें आणि किती खर्च पडलें तें कळतें. पाणाड्याला जें सांगतां येत नाहीं तें या वहींत असतें.

हिशोब तसा अवघड नाहीं. झिजलेल्या काळ्या पाषाणांत पडलेल्या पावसापैकीं साधारण बारातेरा टक्के पाणी भुईंत मुरतें असें शास्त्रज्ञ धरतात. पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर मुरणारें पाणी झालें ६५ मिलिमीटर. आतां उंसाची तहान वर्षाला सुमारें २००० मिलिमीटर. आभाळाचें सगळें पाणी पिकास लागू पडलें असें उदारपणें मानलें, तरी १५०० मिलिमीटर उरतें. म्हणजे केवळ विहिरीच्या पाण्यावर एक हेक्टर ऊंस काढावयाचा तर तेवीस हेक्टरांत मुरलेलें पाणी त्या एका शेतानें ओढलें पाहिजे. उरलेल्या बावीस हेक्टरांच्या धन्यांनीं काय करावें? जेथें कालवा आहे तेथें पाझराच्या रूपानें ही तूट भरून निघते. म्हणून तेथली विहीर दिसते विहीर, पण तिच्यांत नांदतें कालव्याचें पाणी. जेथें कालवा पोंचत नाहीं तेथें विहीर आटते, आणि धनी विंधण विहीर घेतो.

दोनशें फूट, तीनशें फूट, त्याहूनहि खालीं. कर्ज वाढत जातें आणि पाणी मिळेलच असें नाहीं. शिवाय खोल छिद्र वरच्या थरांतलें पाणी खालच्या भेगांत उतरवून शेजाऱ्याची उथळ विहीर कोरडी करतें तें निराळेंच. यासाठीं कायदे झाले. १९९३ च्या कायद्यानें गांवाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यास आडकाठी केली. २००९ चा व्यापक कायदा २०१४ सालीं अमलांत आला. त्यानें शेती व कारखाने यांसाठीं ६० मीटरांपलीकडे खोल जाण्यास मनाई केली. कागदावर हें उत्तम आहे. पण पीक करपत असतां रात्रीं शेतांत येऊन उभ्या राहणाऱ्या यंत्राला कायद्याचें कलम कोण वाचून दाखविणार? ज्याच्या घरीं लग्न आहे, ज्याचें कर्ज थकलें आहे, तो ६० मीटरांवर थांबत नाहीं. आणि त्याला दोष देणाऱ्या शहरवासीयानें आपल्या चहांतली साखर कोणत्या विहिरीवर पिकली याचाहि विचार करावा.

खरी उणीव अशी कीं पाहणीची वही आणि शेतकऱ्याचा निर्णय यांची गांठ क्वचितच पडते. नकाशे पुण्यास तयार होतात, अहवाल इंग्रजींत छापले जातात, आणि बांधावर नारळ घेऊन पाणाड्या हजर असतो. तो मराठींत बोलतो आणि बोलावल्या दिवशीं येतो. २०१२ पासून केंद्रीय मंडळानें पाणी धरणाऱ्या थरांचे नकाशे देशभर करावयास घेतले. २०२० पासून 'अटल भूजल' योजनेंत नगर जिल्ह्यांतल्या, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या, निवडक गांवांनीं आपल्या पाण्याचा जमाखर्च स्वतः मांडावा अशी खटपट सुरू झाली. पर्जन्यमापक चावडीपाशीं बसवावा, विहिरींची पातळी गांवच्या मुलांनीं मोजावी, आणि आंकडे देवळाच्या भिंतीवर लिहावेत, असा हा बेत. जेथें आंकडे भिंतीवर लागले तेथें निदान भांडण तरी आंकड्यांवरून होतें.

वैशाखांत, ऊन्ह कलल्यावर, निरीक्षण-विहिरीवर मोजणारा येतो. विहिरीच्या कांठावर रंगानें खूण केलेली असते. तेथून तो फीत खालीं सोडतो. भोंवतीं दोनचार मुलें आणि एखादा म्हातारा जमतो. फीत ओली होऊन वर आली कीं तो आंकडा वहींत उतरवितो, आणि म्हातारा विचारतो, "गेल्या सालापरीस किती खालीं?" मोजणारा मागचें पान उलटून पाहतो.